जावा: ज्वालामुखीच्या अंगणात पंधरा कोटी माणसं

प्रश्न असा आहे: पुण्याहून आम्ही तिघं, नवरा-बायको आणि सत्तरीची आई, ऑगस्टमध्ये दहा दिवस मोकळे आहोत. सगळे बालीला जा म्हणतात, एका स्नेह्यांनी मात्र जावा सुचवलं. पण जगातलं सर्वाधिक लोकवस्तीचं बेट म्हणजे नुसती गर्दीच असणार ना? एवढी माणसं तिथं मावतात कशी, त्यांचं पोट कशावर चालतं, आणि पाहण्यासारखं नेमकं काय आहे? शिवाय आम्ही शाकाहारी आहोत.

मी मातीचा माणूस आहे. सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात वाढलो, मृदाशास्त्र शिकलो आणि पूर्व जावात नऊ वर्षं उसाच्या जमिनींचं काम केलं. परत आल्यावरही जवळजवळ दरवर्षी छोटा गट घेऊन तिकडं जातो. त्यामुळे उत्तराची सुरुवात देवळांपासून न करता जमिनीपासून करतो. जावाची जमीन कळली की तिथली गर्दी कळते, देवळं कळतात, कारखाने कळतात, आणि काय पाहायचं तेही आपोआप ठरतं.

शेजारचं मदुरा बेट धरून जावाचं क्षेत्रफळ साधारण १,२९,००० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे निम्म्याहूनही लहान. आणि २०२० च्या जनगणनेत तिथं १५.१६ कोटी माणसं मोजली गेली. चौरस किलोमीटरमागे अकराशेच्या वर. महाराष्ट्रात २०११ साली हा आकडा ३६५ होता. इंडोनेशियाच्या सात टक्के जमिनीवर देशातली ५६ टक्के माणसं राहतात. समुद्राच्या पलीकडे बोर्निओचा इंडोनेशियाकडचा भाग, कालिमांतान, जावाच्या चौपट मोठा आहे. तिथं पावणेदोन कोटीही नाहीत. पाऊस दोन्हीकडे भरपूर, ऊन दोन्हीकडे सारखंच. मग फरक कशाचा?

फरक खडकाचा. जावाच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी हिंद-ऑस्ट्रेलियन भूपट्ट वर्षाला सहा-सात सेंटीमीटरच्या वेगानं बेटाखाली सरकतोय. त्यातून वर आलेल्या ज्वालामुखींची रांग पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत, हजार किलोमीटर लांबीच्या या बेटाचा कणा बनून उभी आहे. सर्वांत उंच सेमेरू, ३,६७६ मीटर. त्यातले कितीतरी आजही जागे आहेत. दर काही वर्षांनी कुठला ना कुठला राख ओकतो, पाऊस ती राख खाली आणतो, नद्या आणि पाट ती भातखाचरांत पसरवतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, सगळं नव्यानं मिळत राहतं. विषुववृत्तीय पाऊस एरवी जमिनीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. कालिमांतानच्या जमिनीचं तेच झालं. जावात मात्र जेवढं धुऊन जातं, तेवढं डोंगर पुन्हा टाकतो.

आपली काळी मातीही ज्वालामुखीच्याच खडकाची लेक, पण तिचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती पायाला गोळ्यासारखी चिकटते. जावातली डोंगरउताराची राखेची माती पहिल्यांदा मुठीत घेतली तेव्हा मी चक्रावलो होतो. हलकी, रव्यासारखी भुसभुशीत, मूठ दाबली की ओल लागते आणि उघडली की मोकळी होते. भेगा नाहीत, चिकटपणा नाही. एकच खोड: घातलेला स्फुरद ती घट्ट धरून ठेवते, पिकाला लवकर देत नाही. पण भाजीपाल्याची मुळं अशा मातीत काय खेळतात, ते तिथल्या कोबीच्या आणि बटाट्याच्या शेतात बघावं.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका. योग्याकर्ता शहरातून गाडीनं आग्नेयेला तासभर गेलात की गुनुंग किदुल लागतं. तोच पाऊस, तीच माणसं, पण खाली चुनखडी. पडलेलं पाणी भोकांतून थेट पाताळात जातं. माती वीतभर. तिथं पिढ्यानपिढ्या भाताऐवजी टॅपिओकाच्या कंदाचं पीठ वाफवून केलेलं तिवुल खाऊन लोक जगले, आणि तिथली तरुण मुलं आजही पोटासाठी शहरं गाठतात. तासाभराच्या अंतरावर मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला मात्र पाटाच्या पाण्यावर वर्षाला दोन, काही ठिकाणी तीन भातं निघतात. या दोन जागा एकाच दिवशी पाहिल्या की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

नुसती माती म्हणजे सगळं उत्तर नव्हे, हेही खरं. १८१५ च्या सुमारास इंग्रज अधिकारी रॅफल्स यानं केलेल्या मोजणीत जावाची वस्ती पंचेचाळीस लाखांच्या आसपास भरली होती. १९३० ला ती ४ कोटी १७ लाख झाली. मधल्या काळात डचांनी १८३० पासून सक्तीची लागवड लादली: गावानं जमिनीचा ठरावीक हिस्सा, कागदावर एक पंचमांश आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त, ऊस, नीळ किंवा कॉफीखाली द्यायचा आणि माल सरकारला. ऊस नेमका भाताच्याच पाणथळ जमिनीत आला. ऊस वाढवण्यासाठी पाट खोदले गेले, त्याच पाटांवर भातही वाढलं, आणि राबायला हात जास्त लागले. १८४० च्या दशकाअखेर देमाक आणि ग्रोबोगान भागात दुष्काळानं माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. हॉलंडची तिजोरी मात्र भरत राहिली. आज सरासरी शेतकऱ्याकडे अर्धा हेक्टरसुद्धा जमीन नाही. त्या तुकड्यात तो भात घेतो, बांधावर तूर-चवळीसारखी कडधान्यं लावतो, घराभोवतीच्या परड्यात नारळ, केळी, फणस, पपई, कोंबड्या, मासळीचं तळं. कोकणातलं परडं डोळ्यासमोर आणा, फक्त ते सलग शेकडो किलोमीटर पसरलेलं.

उसाची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. पूर्व जावातल्या पासुरुआन इथल्या संशोधन केंद्रानं १९२१ मध्ये 'पीओजे २८७८' ही जात काढली आणि जगभरच्या ऊसशेतीचं रूप पालटलं. पुढं कोइमतूरला तिचा संकर होऊन 'को ४१९' आली. महाराष्ट्रातल्या कालव्यांखालच्या उसाचा पाया ज्या जातीनं घातला ती हीच. आमच्या आजोबांच्या तोंडी कायम 'चारशे एकोणीस' असायचं. तिचं आजोळ जावा आहे हे मला पासुरुआनला उभं राहिल्यावर जाणवलं, आणि अंगावर काटा आला. तिथं गळीत हंगाम सुरू करताना 'मांतेन तेबू' करतात, म्हणजे उसाचं लग्न. दोन जाडजूड ऊस नवरा-नवरी म्हणून नटवतात, वरात काढतात, आणि मग तेच पहिले गव्हाणीत सोडतात. आपल्याकडं मोळीपूजन होतं ना, तसंच. ते मे महिन्याच्या आगेमागे असतं, तुम्हाला ऑगस्टमध्ये दिसणार नाही. पण गाळप मात्र जोरात चालू असेल, उसाचे ट्रक रस्त्यावर भेटतीलच.

पोट कशावर चालतं म्हणाल तर आता शेतीवर कमी आणि कारखान्यांवर जास्त. देशाच्या एकूण उत्पन्नातलं निम्म्याहून बरंच जास्त, सुमारे ५७ टक्के, एकट्या जावातून येतं. जकार्ताच्या पूर्वेला बेकासी, चिकारांग, कारावांग ही सलग औद्योगिक पट्टी आहे: मोटारी, दुचाक्या, इलेक्ट्रॉनिक्स. कारावांग म्हणजे एकेकाळचं भाताचं कोठार, जातिलुहुर धरणाच्या पाण्यावर पोसलेलं. आज तिथं कारखान्याच्या भिंतीला लागून भात उभा दिसतो. चाकण-तळेगावची शेती जाताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. कारावांगचं किमान वेतन योग्याकर्ताच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून बूट आणि तयार कपड्यांचे कारखाने आता मध्य जावाकडं सरकू लागलेत. बांडुंग आणि सोलो कापडाची, जेपारा कोरीव सागवानी फर्निचरचं, कुदुस आणि केदिरी लवंग घातलेल्या क्रेतेक सिगारेटची. सुराबाया हे पूर्वेचं मोठं बंदर. ईदला या सगळ्या कारखान्यांतली माणसं एकाच आठवड्यात गावी निघतात, त्याला मुदिक म्हणतात. गणपतीला कोकणात जाणारे चाकरमानी डोळ्यांपुढे आणा आणि तो आकडा कोटींत मोजा. त्या दिवसांत प्रवास आखू नका.

उत्तर किनाऱ्याबद्दल मनात काळजी आहे, ती लपवत नाही. हा किनारा गाळाचा, मऊ. त्यात उद्योगांनी आणि घरांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की जमीनच खचत चालली आहे. उत्तर जकार्ताचे काही भाग गेल्या काही दशकांत कित्येक फूट खाली गेलेत. सेमारांगच्या पूर्वेला देमाक जिल्ह्यात सायुंग भागात मी एक गल्ली पाहिली. घरमालकानं जमीन तीनदा भर घालून उंच केली होती. दार तेवढंच राहिलं, त्यामुळे आत जाताना कमरेत वाकावं लागे. भरतीचं पाणी, ज्याला तिथं 'रोब' म्हणतात, उंबऱ्याशी येऊन थांबलेलं. राजधानी कालिमांतानमधल्या नुसांतारा इथं हलवण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला, त्यामागं हेही एक कारण आहे. पण किनाऱ्यावरच्या कोट्यवधी लोकांना कुठं हलवणार? डोंगर दर पिढीला नवी माती देतो आणि आपण खालचं पाणी ओढून तीच जमीन समुद्राला देतो, हे मातीच्या माणसाला बघवत नाही.

आता तुमच्या दहा दिवसांकडं येतो. जकार्ता, बांडुंग, योग्या (म्हणजे योग्याकर्ता), ब्रोमो आणि इजेन हे पूर्वेकडचे ज्वालामुखी, शिवाय शेवटी बाली, असा सगळा फेरा दहा दिवसांत मारू नका. आईंना झेपणार नाही, आणि तुम्हाला फक्त हॉटेलांच्या खोल्या आठवतील. जकार्तात एक रात्र. तिथून पाहिजे तर 'वूश' या द्रुतगती गाडीनं बांडुंग; २०२३ पासून चालू झाली, पाऊण तासाच्या आत पोचवते. बांडुंगच्या वरच्या थंड डोंगरात चहाचे मळे आहेत. दुसऱ्या महायुद्धाआधी जगातलं बहुतेक क्विनाइन याच भागातल्या सिंकोना झाडांच्या सालीपासून यायचं. वेळ कमी असेल तर बांडुंग सोडा. योग्याकर्ताला मात्र निदान चार रात्री द्या.

योग्या शहर एका रेषेवर बसवलेलं आहे: उत्तरेला मेरापी, मध्ये सुलतानाचा राजवाडा, दक्षिणेला समुद्र. युनेस्कोनं २०२३ मध्ये ही अक्षरेषा जागतिक वारशात घेतली. सुलतानांचं नाव पिढ्यानपिढ्या हामेंग्कुबुवोनो, म्हणजे भुवनाला मांडीवर घेणारा. यातलं 'बुवोनो' म्हणजे आपलं भुवनच. आजचे दहावे सुलतान त्या प्रांताचे राज्यपालही आहेत. तिथं तुम्हाला विष्णू, श्री, देवी, सूर्या अशा नावांचे मुसलमान भेटतील, आणि बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळात, वायांग कुलितमध्ये, पहाटेपर्यंत पांडवांच्या कथा चालतात. त्या माणसांना यात काहीच विसंगत वाटत नाही. आपणही चकित होऊन "तुम्ही मुसलमान ना, मग?" असं विचारू नये. मी सुरुवातीला विचारलं होतं, आणि समोरच्या म्हाताऱ्या कारागिरानं शांतपणे सांगितलं, "धर्म माझा, कथाही माझी."

बोरोबुदुर हे नवव्या शतकातलं बौद्ध स्मारक. एका नैसर्गिक टेकडीवर सुमारे वीस लाख दगड चुन्याशिवाय रचलेत, आणि दगड ज्वालामुखीचाच, अँडेसाइट. २,६७२ शिल्पपट, ५०४ बुद्धमूर्ती. टेकडीत पावसाचं पाणी मुरून भिंती कलायला लागल्या होत्या, म्हणून युनेस्कोच्या मदतीनं लाखो दगड उतरवून, आतून निचऱ्याची व्यवस्था करून ते पुन्हा रचले. ते काम १९८३ ला पुरं झालं. आता वर चढायला दिवसाला मर्यादित लोकांनाच परवानगी मिळते, त्याचं वेगळं तिकीट आधी काढावं लागतं, आणि दगड झिजू नये म्हणून विणलेल्या चपला देतात. त्या चपलेचं नाव 'उपानात'. संस्कृत शिकलेल्या आईंना सांगा, उपानह आठवेल. पायऱ्या उंच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर पहिल्या दोन गच्च्यांवरचे पट सावकाश पाहून थांबलं तरी चालेल. उत्तम शिल्पं खालीच आहेत. शिडाचं मोठं जहाज कोरलेला पट चुकवू नका.

प्रांबानानचं शिवमंदिर ४७ मीटर उंच आहे. आतल्या कठड्यावर रामायण कोरलंय, ते डावीकडून प्रदक्षिणा घालत वाचायचं. शिवमंदिराचा कठडा संपला की पुढची कथा ब्रह्मदेवाच्या देवळावर चालू होते. उत्तरेच्या गाभाऱ्यात आठ हातांची महिषासुरमर्दिनी आहे. स्थानिक लोक तिला रोरो जोंगरांग म्हणतात आणि तिची वेगळीच दंतकथा सांगतात. ऑगस्ट कोरडा असल्यानं उघड्या रंगमंचावर, मागं उजळलेली देवळं, असं रामायण नृत्यनाट्य पाहायला मिळेल. आईंना ते नक्की दाखवा.

पण मला एकच जागा निवडायला सांगाल तर मी साम्बिसारी म्हणेन. विमानतळाच्या जुन्या धावपट्टीपासून फार लांब नाही, गर्दी नसते. १९६६ मध्ये शेत खणताना एका शेतकऱ्याची कुदळ कोरलेल्या दगडावर आपटली. उकरत गेले तर साडेसहा मीटर खोल आख्खं शिवमंदिर उभं. मेरापीच्या राखेनं आणि चिखलानं ते शतकानुशतकं झाकून टाकलं होतं. आजही तुम्ही भातशेताच्या पातळीवर उभे राहता आणि खाली खड्ड्यात देऊळ दिसतं. कळस तुमच्या पायांच्या जवळपास. पायऱ्या उतरून खाली गेलात की गाभाऱ्यात लिंग, भिंतींच्या कोनाड्यांत गणपती, दुर्गा आणि अगस्त्य. मी दरवेळी गटाला तिथं थांबवून वर पाहायला सांगतो. डोक्याच्या वर जी जमीन आहे, जिच्यावर आज भात डोलतोय, ती सगळी डोंगरानं आणून टाकलेली. देऊळ गाडलं गेलं ते ज्या मातीखाली, त्याच मातीवर त्या गावाचं पोट चालतंय.

मेरापीच्या उतारावर जीपनं नेतात. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत डोंगराचे राखणदार म्हणून सुलतानानं नेमलेले म्बाह मारिजानही होते. ते आपली जागा सोडून खाली आले नाहीत. जीपवाले आरडाओरडा करत पाण्यातून गाडी उडवतात, त्यांना हळू चालवायला सांगा. नदीपात्रात वाळू भरणारे ट्रक दिसतील, आणि थोडं खाली साल्लाक फळाच्या बागा. सापाच्या कातडीसारखी साल, आत करकरीत गर. ती राखेच्याच जमिनीतली.

बाटिक घ्यायचं तर मालियोबोरो रस्त्यावर घाई करू नका. इमोगिरीजवळ गिरिलोयो गावात बायका हातानं काढतात. तांब्याच्या छोट्या चोचीच्या 'चांतिंग'मध्ये तापलेलं मेण घ्यायचं, चोच तुंबू नये म्हणून एक फुंकर, मग रेघ. एका साडीएवढ्या कापडाला आठवडे लागतात. खरं बाटिक ओळखायची साधी खूण म्हणजे कापड उलटं करून पाहा; रंग दोन्ही बाजूंना सारखाच असतो. छापील कापडाची मागची बाजू फिकट असते.

जेवणाचं. जावा शाकाहाऱ्यांना वाटतं तेवढं अवघड नाही, कारण टोफू आणि टेम्पे हे तिथलं रोजचं अन्न. टेम्पे म्हणजे उकडलेलं सोयाबीन बुरशी लावून घट्ट वडीसारखं जमवलेलं. तळलेलं गरम खा. गुदेग म्हणजे कच्च्या फणसाची गुळमट भाजी, नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन्‌तास शिजवलेली. आपल्याला फणसाची भाजी तिखट-मिठाची सवय, ही गोड लागेल, पण आवडेल. सावध दोन ठिकाणी राहायचं: गुदेगसोबत क्रेचेक येतं, ते गाय-म्हशीच्या कातड्याचं असतं, आणि साम्बाल चटणीत बहुधा तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा, असतो. "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी" एवढं पाठ करा: मांस नको, मासे नकोत, तेरासी नको. हे सांगितलं की गाडीवालासुद्धा मनापासून वेगळं करून देतो.

योग्यानंतर ब्रोमो. तिथं तेंग्गेर लोक राहतात, हिंदू, आणि कासादा सणाला विवरात धान्य, भाज्या, कोंबड्या अर्पण करतात. पहाटे जीपनं सूर्योदयाच्या कड्यावर जाता येतं, आईंनाही जमेल. पण पुण्याच्या डिसेंबरपेक्षा जास्त थंडी असते, कानटोपी हवीच. विवराच्या काठावर जाणाऱ्या अडीचशे पायऱ्या मात्र तुम्ही दोघंच चढा. इजेनला आईंना नेऊ नका. मध्यरात्रीनंतर चढाई, गंधकाचा धूर, दम लागतो. तुम्ही गेलात तर सत्तर-ऐंशी किलो गंधक खांद्यावर कावडीत घेऊन चढणारे कामगार भेटतील. त्यांना वाट द्या, आणि फोटो काढायचा तर आधी विचारा.

सतरा ऑगस्ट तिथला स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी कुठल्याही गल्लीत थांबा. दोरीला टांगलेलं केरुपुक, म्हणजे तळलेला कुरकुरीत पापड, हात न लावता खायची मुलांची शर्यत असते. तुम्हालाही ओढून घेतील.

योग्या ते प्रोबोलिंगो हा प्रवास विमानानं करू नका. सकाळी लेम्पुयांगान स्थानकावरून केतापांगला जाणारी गाडी मिळते, दुपारी उशिरा ब्रोमोच्या पायथ्याच्या स्थानकावर सोडते. सोलो येईपर्यंत डावीकडची खिडकी धरा, मेरापी दिसतो. सोलोनंतर उजवीकडं जा: आधी लावू, मग विलिस, मग अर्जुनो. डोंगर आणि रुळांच्या मध्ये सगळीकडं भात आणि ऊस असेल, आणि प्रत्येक बांधावर कुणीतरी वाकलेलं.